माजी सैनिक संस्थेची ६ लाखांची ठेव सौहार्द पतसंस्थेत आहे, सीए काढा म्हणतात. काढावी का? मार्चअखेरचा हिशेब कसा बसवायचा?

खजिनदार_खानापूर

जय हिंद मंडळी. खानापूर तालुक्यातल्या माजी सैनिकांसाठी आमची छोटी संस्था आहे. कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा १९६० खाली नोंदलेली, १२एबी (संस्थेला आयकरात सवलत देणारी नोंदणी) आणि ८०जी (देणगीदाराला करसूट देणारी) दोन्ही आहेत. सभासद ३००, वर्गणी माणशी वर्षाला २०० रुपये. ३१ मार्च २०२६ ला वर्ष संपेल तेव्हा आकडे साधारण असे बसतील:

जमा: वर्गणी ६०,०००, देणग्या २,१०,०००, ठेवीचं व्याज ५७,०००. एकूण ३,२७,०००.

खर्च: औषधपाण्याला मदत ७२,०००, मुलांच्या शिक्षणाला ५४,०००, १६ डिसेंबरचा विजय दिवस ६८,०००, भाडं-वीज-छपाई ३०,०००. एकूण २,२४,०००.

ठेव ६ लाखांची. गावातल्या एका सौहार्द सहकारी संस्थेत (कर्नाटकच्या सौहार्द कायद्याखालची पतसंस्था) साडेनऊ टक्क्यांनी ठेवली आहे. तिथले संचालक ओळखीचे, व्याज वेळेवर मिळतं. तरी नवीन सीए म्हणतात, तिथून काढा. आमच्या कमिटीत निम्मे म्हणतात काढायची, निम्मे म्हणतात बँकेत साडेसहा टक्के घेऊन काय करायचं?

दुसरं, करसवलतीसाठी वर्षाच्या जमेच्या ८५ टक्के खर्च करावा लागतो म्हणे. तो होत नाही. तिसरं, एका कुटुंबानं मुलाच्या स्मरणार्थ १,५०,००० दिलेत, 'व्याजातून मुलींना मदत करा' असं तोंडी सांगितलंय. ते बचत खात्यातच पडून आहेत. हे जमेत धरायचे का?

---

हिशेबनीस_टिळकवाडी

खजिनदारसाहेब, ठेवीचं नंतर बघू. आधी कपाटातून १२एबीचा आदेश काढा आणि त्यावर 'करनिर्धारण वर्ष … ते …' काय लिहिलंय ते वाचा. ज्या जुन्या संस्थांनी २०२१ च्या आसपास फेरनोंदणी केली त्यातल्या बहुतेकांच्या आदेशावर २०२२-२३ ते २०२६-२७ असं आहे. करनिर्धारण वर्ष हे हिशेबाच्या वर्षाच्या पुढचं वर्ष असतं, म्हणजे मुदत ३१ मार्च २०२६ ला संपते. नूतनीकरणाचा फॉर्म १०एबी मुदत संपण्याच्या निदान सहा महिने आधी, म्हणजे ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत, भरायचा होता. भरला असेल तर पोचपावती फायलीला लावा. राहिला असेल तर याच आठवड्यात भरा आणि सोबत उशीर माफ करण्याची विनंती जोडा. सबळ कारण असेल तर आयकर आयुक्त उशीर माफ करू शकतात. अर्जच केला नाही तर गोष्ट नुसत्या सवलतीवर थांबत नाही. संस्थेच्या निव्वळ मालमत्तेवरच कमाल दरानं कर लागण्याचं कलम आहे, ११५टीडी. ८०जीचा आदेशही त्याच वेळी तपासा, तो वेगळा कागद असतो. नवीन नोंदणी किंवा नूतनीकरण करणाऱ्या, आधीच्या दोन्ही वर्षांत ५ कोटींच्या आत उत्पन्न असलेल्या संस्थांना आता ५ ऐवजी १० वर्षांची मुदत मिळते, तेवढं बरं झालंय.

आता ठेव. आयकर कायद्याच्या कलम ११(५) मध्ये धर्मादाय संस्थेनं पैसा कुठं ठेवायचा त्याची यादी आहे. पोस्ट, सरकारी रोखे, शेड्यूल्ड बँक, आणि बँकिंगचा व्यवसाय करणारी सहकारी संस्था, म्हणजे सहकारी बँक. सौहार्द पत्तिन (कन्नडमध्ये पतपुरवठा करणारी) संस्था, पतसंस्था, दोन्ही राज्यांत शाखा असलेल्या मल्टिस्टेट सोसायट्या यांच्याकडे रिझर्व्ह बँकेचा बँकिंग परवाना नसतो, त्या या यादीत बसत नाहीत. संचालक कितीही सज्जन असोत, कलम बघताना त्याचा संबंध नाही. नावात 'सौहार्द' आहे म्हणून बाद असंही नाही बरं का, काही सौहार्द सहकारी बँका परवानाधारक आहेत. पाटीवर 'बँक' आहे का आणि ठेव विमा महामंडळाच्या यादीत नाव आहे का, एवढं बघा. शाखेत विम्याची पाटी लावलेली असते.

यादीबाहेर ठेवलं तर निदान त्या ठेवीच्या व्याजाची सूट जाते आणि त्यावर सरळ ३० टक्के कर, वर ४ टक्के उपकर. तुमच्या आकड्यांत मांडतो. व्याज ५७,०००. कर १७,१००, उपकर ६८४, म्हणजे १७,७८४ गेले. हातात राहिले ३९,२१६. सहा लाखांवर हे साडेसहा टक्केच झाले. म्हणजे कमिटीतले निम्मे ज्या तीन टक्क्यांसाठी भांडतायत ते मुळात संस्थेला मिळणारच नाहीत. शिवाय बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांचं विमा संरक्षण आहे, पतसंस्थेतल्याला शून्य. म्हणून काढा, आणि दोन बँकांत ३-३ लाख ठेवा, म्हणजे सगळी रक्कम विम्यात येते.

काढताना मुदतपूर्व म्हणून एक-दोन टक्के कापतील. पावतीची मुदत मार्च-एप्रिलमध्ये संपत असेल तर थांबा, नाहीतर कापून घ्या. आणि नवीन ठेव संस्थेच्याच पॅनवर होऊ द्या. 'अध्यक्षांच्या पॅनवर करून देतो, लवकर होईल' असं शाखेत सांगतात. मग व्याज आणि टीडीएस अध्यक्षांच्या २६एएस मध्ये (पॅनवरच्या कराच्या नोंदींचा उतारा) दिसतो, त्यांचं विवरण बिघडतं आणि संस्थेच्या ताळेबंदातली ठेव कुणाची, हा प्रश्न उभा राहतो.

८५ टक्क्यांचं. ३,२७,००० चे ८५ टक्के २,७७,९५०. खर्च २,२४,०००, तूट ५३,९५०. सौहार्दचं ५७,००० व्याज वेगळ्या दरानं करात गेलं तर उरलेल्या २,७०,००० चे ८५ टक्के २,२९,५००, आणि तूट फक्त ५,५००. पण हे गणित पुढच्या वर्षी कामाला येणार नाही, ठेव बँकेत गेली की व्याज पुन्हा जमेत येईल. म्हणून सवय लावून घ्या. मार्चमध्ये मंजूर झालेली मदत मार्चमध्येच खात्यावर गेली पाहिजे. 'देणे' म्हणून नोंद करून एप्रिलमध्ये दिली तर ती या वर्षीच्या खर्चात धरत नाहीत, पैसे प्रत्यक्ष गेले तरच धरतात. आणि एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलं तर तेही धरत नाहीत. तुमच्या ७२,००० च्या औषधखर्चात दवाखान्याच्या काउंटरवर रोख भरलेली १५-२० हजारांची बिलं असतील तर ती आधी शोधा. ती वजा झाली की ५,५०० ची तूट मोठी होते.

एवढं करूनही कमी पडलं तर फॉर्म १० भरून जास्तीत जास्त ५ वर्षांसाठी रक्कम बाजूला ठेवता येते. कमिटीचा ठराव हवा आणि हेतू नेमका हवा. 'संस्थेच्या उद्दिष्टांसाठी' असं मोघम लिहिलं की नोटीस येते. 'खानापूर तालुक्यातील माजी सैनिकांच्या मुलींना २०२६ ते २०२९ महाविद्यालयीन शुल्क सहाय्य' असं लिहा. फॉर्म १० ची तारीख ३१ ऑगस्ट, ऑडिट रिपोर्ट फॉर्म १०बीबी ३० सप्टेंबर, आयटीआर-७ (संस्थेचं आयकर विवरणपत्र) ३१ ऑक्टोबर. तुमचं उत्पन्न सूट धरण्याआधी अडीच लाखांवर आहे, म्हणजे ऑडिट लागतंच. हे सगळं २०२५-२६ चं. १ एप्रिल २०२६ पासूनच्या वर्षाला नवा आयकर कायदा २०२५ लागू, कलमांचे आकडे बदलतील, तेव्हा जुन्या चिठ्ठीवरून पुढच्या वर्षीचे फॉर्म भरू नका.

स्मृतिनिधीचे १,५०,००० हा कायम निधी ठरावा असं वाटत असेल तर देणगीदाराचं लेखी पत्र लागतं: 'ही रक्कम संस्थेच्या कायम निधीत जमा करावी, मूळ रक्कम खर्च करू नये, व्याजातून अमुक करावं.' तोंडी सांगणं चालत नाही. वर्ष संपल्यावर पत्र आणणं म्हणजे वरातीमागून घोडं, आणि मागची तारीख घालून तर मुळीच घेऊ नका. कुटुंब गावातच असेल तर उद्या जाऊन घ्या. मग ही रक्कम ८५ टक्क्यांच्या गणितात येत नाही, पण तिची स्वतंत्र ठेव हवी. बचत खात्यात बाकी पैशांत मिसळून पडलेला कायम निधी ऑडिटर मानत नाही, आणि त्यात चूक त्याची नाही.

---

चंदगडी

सौहार्द, पतसंस्था म्हटलं की बुडणारच असं सगळे का धरून बसलेत कळत नाही. सीमाभागात दोन्हीकडं माणसाला अडीअडचणीला कर्ज देणारं दुसरं कोण आहे? बँकवाला दारात उभा करत नाही.

---

हिशेबनीस_टिळकवाडी

चंदगडी साहेब, बुडेल असं कुणी म्हटलं नाही. तुम्ही तुमचे पैसे तिथं खुशाल ठेवा. संस्थेचा पैसा म्हटल्यावर कायद्याची यादी बघावी लागते, एवढंच.

---

ना_सुभेदार_निवृत्त

खर्चाच्या बाजूकडं कुणी बघितलंच नाही. ७२,००० औषधपाण्यावर, पण कुणाला? निवृत्तिवेतन घेणारा ईसीएचएसचा (माजी सैनिकांची आरोग्य योजना) सभासद असेल तर त्याचं बिल संस्थेनं भरायची गरजच नाही. बेळगावच्या पॉलिक्लिनिकमधून रेफरल घेऊन पॅनेलवरच्या रुग्णालयात गेला की पैसे लागत नाहीत. तातडीनं पॅनेलबाहेरच्या रुग्णालयात न्यावं लागलं तर ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवायचं, सगळी मूळ बिलं आणि डिस्चार्ज समरी जपायची, मग परतावा मागता येतो. हे कळवणं राहतं आणि मग घरचे संस्थेच्या दारात येतात. त्यापेक्षा संस्थेनं एक माणूस फोनवर ठेवावा जो पहिल्याच दिवशी कळवायला लावेल. खर्च शून्य.

संस्थेचा पैसा खरा ज्यांना हवा ते वेगळे. निवृत्तिवेतनाची वर्षं पूर्ण न करता घरी आलेले, त्यांच्या विधवा. त्यांच्याकडं ईसीएचएस नाही. त्यांना आधी केंद्रीय सैनिक बोर्डाच्या योजनेत बसवा. हवालदार किंवा त्याखालचा, वय ६५ च्या वर, निवृत्तिवेतन नाही, अशा माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला मिळणारी मदत १ नोव्हेंबर २०२५ पासून महिना ४,००० वरून ८,००० झाली आहे. मुलांच्या शिक्षणाचं अनुदान महिना १,००० वरून २,०००, लग्नाचं ५०,००० वरून १ लाख, हेही हवालदारापर्यंतच्यांना. अर्ज जिल्हा सैनिक कार्यालयामार्फत ऑनलाइन. माजी सैनिक ओळखपत्र, डिस्चार्ज बुक, आधार, बँक पासबुक एवढं लागतं. तुम्ही शिक्षणावर ५४,००० घातलेत, त्यातली किती मुलं या अनुदानात बसली असती ते एकदा तपासा की.

कार्यालय कुठलं हे सीमेवर घोळाचं होतं. खानापूर, निपाणी, चिक्कोडीचा माणूस बेळगावच्या सैनिक कल्याण कार्यालयात जाईल. चंदगड, गडहिंग्लजचा कोल्हापूरला. दोन्ही राज्यांच्या आपापल्या योजना वेगळ्या आहेत, आणि ओळखपत्र ज्या जिल्ह्याचं तिथंच अर्ज चालतो. लग्नानंतर सासर पलीकडं असलेल्या विधवेची इथं फार ओढाताण होते. नवऱ्याची नोंद एका जिल्ह्यात, तिचं आधार दुसऱ्या राज्यात.

कुटुंब निवृत्तिवेतन अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे नाव. डिस्चार्ज बुकात 'लक्ष्मीबाई', आधारवर कन्नडमधून आलेलं इंग्रजी स्पेलिंग निराळं, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव. स्पर्श या सैनिकी निवृत्तिवेतनाच्या ऑनलाइन प्रणालीवर तिन्ही जुळल्याशिवाय पुढं सरकत नाही. राजपत्र, प्रतिज्ञापत्र, रेकॉर्ड ऑफिसचा पार्ट टू ऑर्डर (सेवानोंदीतल्या बदलाचा आदेश) यात महिने जातात. या मधल्या काळात त्या विधवेला महिना ३,००० असं सहा महिने देणं, हा छोट्या संस्थेच्या पैशाचा सगळ्यात चांगला उपयोग. पण ते अनुदान म्हणून द्या, उसने नको. उसने दिलं की वसुली आली, वसुली आली की भांडण आलं, आणि परत आलेले पैसे पुन्हा जमेला धरायचे म्हणजे हिशेबनीसांना काम.

आणि विजय दिवसाचे ६८,०००? शाल, श्रीफळ, मंडप, डिजिटल बॅनर, ३०० माणसांचं जेवण. संस्थेच्या एकूण खर्चाचा ३० टक्के. कार्यक्रम करा, पण त्याचं पावतीपुस्तक वेगळं ठेवा, त्यात जेवढं जमेल तेवढ्यातच भागवा. मदतीच्या पैशातून शाली नकोत.

---

खजिनदार_खानापूर

सगळ्यांचे आभार. आदेश बघितला. २०२६-२७ पर्यंतच आहे, पण मागच्या सीएंनी ऑगस्टमध्येच १०एबी भरलाय, पोचपावती सापडली. दोन प्रश्न राहिलेत. (१) आमच्यात सभासद वारला की बाकीचे माणशी १०० रुपये काढतात आणि २५-३० हजार घरी नेऊन देतात. हे पैसे संस्थेच्या खात्यातून जातात. (२) देणग्यांतले ८० हजारांच्या वर क्यूआर कोडवर आलेत, नावं नाहीत. ८०जीच्या पावत्या कशा द्यायच्या?

---

निपाणीकर

दुसऱ्यापासून. क्यूआरवर आलेल्यांची बँक स्टेटमेंटमधून यूपीआय आयडी आणि व्यवहार क्रमांक काढून यादी करा, व्हॉट्सॲप गटावर टाका, नाव-पत्ता-पॅन एका फॉर्मात घ्या. आठवड्याच्या आठवड्याला केलं तर लोक देतात, मार्चमध्ये एकदम मागितलं तर निम्मे उत्तरच देत नाहीत. ज्यांचा पत्ता लागत नाही ते निनावी धरा. एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यातली जी रक्कम मोठी तिथपर्यंत निनावी देणगीवर जादा कर नाही. तुमच्या आकारात ती मर्यादा १ लाख. दानपेटीतले पैसेही यातच. पेटी उघडताना दोघे हजर, मोजणीचा कागद त्याच वेळी सही करून, दुसऱ्या दिवशी बँकेत.

ज्यांना ८०जी हवंय त्यांच्यासाठी फॉर्म १०बीडी (देणगीदारांची यादी आयकर खात्याला कळवायचा) ३१ मेच्या आत भरायचा, आणि त्यातून निघणारं १०बीई प्रमाणपत्र त्याच तारखेपर्यंत देणगीदाराला द्यायचं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. १०बीडीत देणगीचा प्रकार विचारतात, तिथं स्मृतिनिधीच्या दीड लाखासमोर 'कॉर्पस' (म्हणजे कायम निधी) हेच निवडा. ताळेबंदात एक आणि फॉर्मात दुसरं झालं की जुळणी होत नाही. २,००० च्या वर रोख दिलेल्याला ८०जी मिळत नाही, हे पावतीपुस्तकाच्या मागेच छापून टाका. आणि देणगीदाराला आधी विचारा की तो नव्या करप्रणालीत आहे का. असेल तर त्याला ८०जीचा उपयोगच नाही. निवृत्तिवेतनधारकांतले बरेच आता नव्यात आहेत. उगाच ५० टक्के सूट मिळेल म्हणून गळ घालायची आणि जुलैत त्यांच्या शिव्या खायच्या.

आखातात गेलेल्या पोरांचे पैसे घ्यायला हरकत नाही, पासपोर्ट भारतीय असेल आणि पैसे त्याच्या स्वतःच्या नावावरून बँकेनं आले असतील तर. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला, मग ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) असलं तरी, त्याची देणगी परकीय ठरते आणि ती घ्यायला संस्थेला एफसीआरए (परकीय देणगी कायद्याची) नोंदणी लागते. ती नसताना खात्यात आलेच तर खर्च करू नका, सीएंना दाखवून परत पाठवा. पासपोर्टची प्रत घेऊन ठेवणं बरं.

उद्यमबागेतल्या, मच्छेतल्या फाउंड्रीवाल्यांकडं जायचं असेल तर ध्यानात ठेवा, कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांसाठीचं काम सीएसआरमध्ये (कंपन्यांनी करायचा सामाजिक खर्च) स्पष्ट लिहिलेलं आहे. कंपनीचा निव्वळ नफा ५ कोटी किंवा वर असेल तर तिला सीएसआर लागतो. पार्टनरशिप फर्मला लागत नाही, तिथं साधी देणगीच मागा. संस्थेला सीएसआर-१ नोंदणी (असा पैसा घ्यायला लागणारी) आणि निदान तीन वर्षांच्या कामाचा अनुभव दाखवावा लागतो. मागताना 'मदत करा' म्हणू नका. 'खानापूर तालुक्यातल्या १२ वीरपत्नींना सहा महिने दरमहा ३,०००, एकूण २,१६,०००' असा कागद न्या.

---

हिशेबनीस_टिळकवाडी

माणशी १०० वाल्या मृत्यू मदतीचं. ही सभासदांची आपसातली मदत आहे, धर्मादाय नव्हे. ती संस्थेच्या खात्यातून फिरवली की दोन गोष्टी बिघडतात. जमेला उगाच फुगवटा येतो. आणि 'फायदा फक्त सभासदांना' असं दिसलं तर आयकर अधिकारी संस्था लोकहिताची नाही म्हणू शकतो, १२एबीच्या नूतनीकरणात नेमकं हेच विचारतात. तुमचा अर्ज आत्ताच त्यांच्या टेबलावर आहे, तेव्हा हे लगेच सुटं करा. एक तर सभासदांनी थेट त्या घरच्या खात्यावर पाठवावं, नाहीतर त्यासाठी वेगळी व्यवस्था. आणि मदतीच्या नियमात 'सभासद' हा शब्द काढून 'खानापूर तालुक्यातील गरजू माजी सैनिक व त्यांचे कुटुंबीय' असं घाला, ठराव करून. वर्गणी भरली नाही म्हणून विधवेचा अर्ज फेटाळल्याचं इतिवृत्तात दिसलं तर सगळंच मुसळ केरात.

त्याच ओघात: पदाधिकाऱ्याच्या सख्ख्या भावाच्या घरी मदत गेली असेल तर ती वेगळी दाखवा. कार्यकारिणी, त्यांचे नातेवाईक आणि मोठे देणगीदार (या वर्षापासून: वर्षात १ लाखाच्या वर किंवा आजवर मिळून १० लाखांच्या वर दिलेले) यांना फायदा दिला तर त्या रकमेवर ३० टक्के. लहान गावात सगळेच एकमेकांचे पाहुणे असतात हे कबूल, म्हणून असा अर्ज आला की संबंधित सदस्यानं बैठकीतून उठून जायचं आणि तसं इतिवृत्तात लिहायचं.

प्रत्येक मदतीच्या व्हाउचरला अर्ज, सेवा क्रमांक, हुद्दा, ठरावाचा क्रमांक, बँक व्यवहार क्रमांक एवढं टाचा. करनिर्धारण वर्ष संपल्यापासून १० वर्षं जपायचं आहे, तेव्हा थर्मल पावत्यांची झेरॉक्स काढा, त्या दोन वर्षांत कोऱ्या होतात.

---

ना_सुभेदार_निवृत्त

एक राहिलं. ध्वजदिन ७ डिसेंबरला असतो. त्या नावानं तिकिटं, झेंडे छापून संस्थेनं पैसे गोळा करू नयेत, ते संकलन सैनिक कार्यालयामार्फत होतं. त्यांना मदत करायची तर त्यांच्याच पावतीवर. पत्रकावर रेजिमेंटचं चिन्हही लेखी परवानगीशिवाय नको.

---

निपाणीकर

आणि ठेव मोडायला जाण्याआधी सह्या बघून घ्या. तिघांपैकी कुठल्याही दोघांच्या सह्या असा ठराव हवा, 'अध्यक्ष व खजिनदार' असा नको. एक जण आजारी पडला की खातं बंद. गेल्या सभेत कमिटी बदलली असेल तर नवीन यादी वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत नोंदणी कार्यालयात दिलेली असायला हवी. तिची शिक्का मारलेली प्रत नसेल तर बँक नवीन सह्या घेत नाही. थकली असेल तर दंड भरून आधी ती भरा. ठराव मराठीत लिहिलात तरी एक प्रत कन्नड किंवा इंग्रजीत करून न्या, शाखेतला माणूस बदलून आलेला असतो, दोन खेपा वाचतात.

---

खजिनदार_खानापूर

यादी सप्टेंबरमध्येच दिली आहे, शिक्क्याची प्रत सेक्रेटरींकडं आहे. पावती १८ मार्चला पिकते, तोपर्यंत थांबतो आणि दोन बँकांत ३-३ लाख करतो. स्मृतिनिधीचं पत्र आणायला रविवारी जातोय. हिशेबनीस साहेब, त्या पत्राला स्टँप पेपर लागतो का?

---

हिशेबनीस_टिळकवाडी

नाही, साधा कागद पुरे. तारीख, रक्कम, चेक किंवा व्यवहार क्रमांक, पॅन आणि सही. पण पैसे आधीच आलेत, म्हणून पत्रावर पैसे दिल्याची तारीख आणि पत्राची तारीख दोन्ही खरीच लिहा, आणि या महिन्याच्या बैठकीत ते पत्र स्वीकारल्याचा ठराव घ्या. ऑडिटरला मी सांगितलंय असं नका सांगू, कागद दाखवा.